मान खाली घातलेला दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. देव्हाऱ्यात मला जागा नाही आणि दिवाळीत मला कुणी ओळीत मांडत नाही. साताऱ्यातल्या एका पांढऱ्या मोटारीच्या तोंडावर, डाव्या अंगाला, मी बसलेला असतो. उजव्या अंगाला माझा जुळा भाऊ आहे. आम्ही दोघं मिळून रस्ता दाखवतो आणि रस्ता दिसला नाही की दोघं मिळून बोलणी खातो.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या मुली आम्हाला तान्ह्या बाळासारखं उचलायच्या. माझ्या पोटात चकचकीत वाटी बसवली, वाटीत पिवळ्या उजेडाचा बल्ब लावला, वर स्वच्छ काच चढवली. शेवटी माझ्या मानेशी एक छोटीशी मोटर जोडली. गाडीच्या आत, चालवणाऱ्याच्या गुडघ्याजवळ, एक दातेरी चाक असतं. त्यावर शून्य ते तीन आकडे असतात. मागं माणसं आणि सामान भरलं की गाडीचं तोंड वर उचललं जातं. अशा वेळी चाक तीनवर फिरवायचं, म्हणजे आम्ही मान खाली घालतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जात नाही. गाडी रिकामी असली की पुन्हा शून्यावर. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या घरात ते कुणालाच माहीत नव्हतं.

माझी मालकीण संयोगिता. रहिमतपूरच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये ती रक्त तपासते आणि रोज साताऱ्याहून गाडीनं जाते-येते. तिचा नवरा जयराज एमआयडीसीत नोकरीला. सासरे तात्याबा सैन्यातून सुभेदार होऊन परतलेले. आणि साक्षी, त्यांची एकुलती एक मुलगी.

संयोगिताची नजर सगळीकडे असते. साक्षीच्या दुधाची वाफ, बुटाची नाडी, दाराची फट, काही म्हणता काही सुटत नाही. साक्षी दोन वर्षांची असताना एकदा गाडी दारात उभी होती, गाणी लागलेली होती आणि पोरगी आईच्या मांडीवर होती. तिनं हॉर्नला हात लावला, आईनं काढला. गिअरला लावला, आईनं काढला. मग साक्षी खाली वाकली आणि ते दातेरी चाक तिनं कर्रकन तीनवर नेलं. नेमकी तेव्हा संयोगिता तिच्या नाकाचा शेंबूड पुसत होती.

माझी मान खाली गेली. ती तीन वर्षं खालीच राहिली. समोरचा रस्ता मी विसरलो. दिसायचं ते गाडीच्या पुढ्यातलं चार हात डांबर आणि एखादं दचकलेलं कुत्रं. ओरडून सांगितलं असतं, पण हॉर्नचं काम दुसऱ्याकडं.

त्यात दर खंडेनवमीला तात्याबा आमची पूजा करायचे. कुंकू नुसतं टिकत नाही म्हणून ते तेलात कालवायचे आणि आमच्या काचेवर हे एवढं मोठं स्वस्तिक काढायचे. "पुसायचं न्हाई हां कुणी," असा हुकूम असायचा. ते तेल, त्यावर बसलेली धूळ, पुढच्या वर्षी परत तेल. मला मोतीबिंदू झाला म्हणा ना. जयराजनं एकदा कुठंतरी व्हिडिओ बघून मला टूथपेस्टनं घासलं, तेही स्वस्तिकाच्या कडेकडेनं. आठवडाभर मला लवंगेचा वास येत होता. उजेड होता तेवढाच राहिला.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, दिवस मावळताना, रहिमतपूरच्या अलीकडं उसाची एक ट्रॉली बंद पडून उभी होती. मागं दिवा नाही, काही नाही. संयोगिताला ती दिसली तेव्हा उसाचे शेंडे बॉनेटला लागले होते. ब्रेक लागला, कुणाला काही झालं नाही. पण ती पाच मिनिटं स्टिअरिंग धरून तशीच बसून राहिली. घरी आल्यावर साक्षीला इतकं घट्ट धरलं की पोरगी म्हणाली, "आई, दुखतंय."

त्या दिवशी तिनं घरात सांगून टाकलं, "पुढचा ऊस सुरू व्हायच्या आत दिव्यांचं काहीतरी करा. नाहीतर मी नोकरी सोडते."

"यष्टीनं जा की," तात्याबा म्हणाले.

"शेवटची एसटी साडेपाचला आहे, मामा. माझं काम सहाला संपतं."

"मग साडेपाचला संपव."

"रक्ताला सांगू का, लवकर गोठ म्हणून?"

नोकरीवर तिचा फार जीव होता, हे तात्याबांनाही ठाऊक होतं.

दसऱ्याच्या आधी सगळे नवी गाडी बघायला शोरूममध्ये गेले. मी बाहेर उभा, काचेला नाक लावल्यासारखा. आत एका गाडीला बारीक, तिरक्या डोळ्यांचे एलईडी दिवे होते. असा पांढराशुभ्र उजेड की मला माझं वय आठवलं. दार सताड उघडं होतं, त्यामुळं बोलणं ऐकू येत होतं.

"मॅडम, हे दिवे वरच्या पॅकेजमध्ये येतात," विकणारा तरुण म्हणाला. "सोबत सनरूफ, मोठी चाकं आणि आतमध्ये सात रंगांचा उजेड."

"मला नुसते दिवे हवेत."

"नुसते दिवे कंपनी देत नाही."

"म्हंजे बूट पायजेत तर टोपीबी घ्यायलाच लागती, असं हाय व्हय?" तात्याबांनी विचारलं. "आमच्या पलटणीत तसंच हुतं. पर तिथं फुकट हुतं."

"आजोबा, सनरूफ मुलांना फार आवडतं. उभं राहून बाहेर बघता येतं."

झालं. संयोगिताला टपातून अर्धी बाहेर आलेली साक्षी दिसली, तिच्या डोक्यावर लोंबणारी विजेची तार दिसली, मागून येणारा ट्रकसुद्धा दिसला.

"त्याला कायमचं कुलूप लावता येतं का?"

"मॅडम, ते उघडण्यासाठीच असतं."

"टपाला भोक पाडायचं आणि मग त्याची राखण करायची," तात्याबा म्हणाले. "चला."

वर गाडी मिळणार होती मार्चमध्ये, म्हणजे सगळा ऊस तुटून गेल्यावर. तेव्हा ते राहिलं. माझ्या मनातून थोडी धाकधूक गेली. भंगारात कुणाला जायचं असतं?

मग भाऊबीज आली. संयोगिताचं माहेर तासगावला. परतताना जयराजनं गाडी सांगलीला वळवली, कारण तिथं त्याच्या मित्राचं, इंद्रजितचं, गाड्यांच्या सजावटीचं दुकान होतं.

"वहिनी, नवी गाडी कशाला?" इंद्रजित म्हणाला. "हे बल्ब टाका. कंपनीचे दिवे ह्याच्यापुढं समई वाटतील."

भर दुपारी बाराला त्यानं आमचे जुने बल्ब उपटले आणि पंखा लावलेले नवे एलईडी आमच्या पोटात कोंबले. आमची वाटी पिवळ्या बल्बच्या मापाची घडवलेली. भलताच पाहुणा आत आल्यावर उजेड कुठं पाठवायचा, ते तिला कळेना. पण उन्हात कुणाला काय दिसणार? समोरच्या भिंतीवर सगळ्यांनी हातांचा आडोसा करून, वाकून बघितलं.

"लय भारी," जयराज म्हणाला. त्याला काहीही दिसलं नव्हतं.

"समोरून येणाऱ्याला त्रास नाही ना होणार?" संयोगितानं विचारलं.

"समोरचा काय आपला पाहुणा हाय व्हय, वहिनी?"

हे उत्तर तिला आवडलं नाही. पण साखर कारखाने त्याच आठवड्यात सुरू झाले होते आणि सोमवारपर्यंत तिला नोकरीचं ठरवायचं होतं. तिनं फक्त आमचे जुने बल्ब मागून घेतले, साक्षीच्या मोज्यांत गुंडाळले आणि डिकीत ठेवले. डिकीत गाडीबरोबर कारखान्यातून आलेला लाल चमकणारा त्रिकोण होता. गाडी रस्त्यात बंद पडली तर मागं उभा करायचा. तो अजून वेष्टनातच होता.

इंद्रजितकडं जेवून निघायला संध्याकाळच झाली. आष्टा मागं पडलं आणि दिवस मावळला. दिवे पारखायचे म्हणून गाडी संयोगिताच चालवत होती. शेजारी तात्याबा, मागं जयराज आणि साक्षी. तिनं बटण फिरवलं मात्र, माझ्यातून उजेड उतू गेला. दूध जातं तसा, जिकडंतिकडं. झाडांच्या शेंड्यांवर, पाट्यांवर, समोरून येणाऱ्यांच्या तोंडांवर. मान माझी खालीच होती, पण हा उजेड मानेला जुमानत नव्हता. आणि खुद्द रस्त्यावर मात्र तो पातळच.

समोरून एक जीप आली. तिनं दिव्यांची उघडझाप करून डिप्पर मारला. मग एका टेम्पोनं मारला. मग एसटीनं.

तात्याबा ताठ बसले आणि त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. आमच्या पुढच्या काचेवर 'माजी सैनिक' असं स्टिकर आहे.

"बघ संयोगिता, ह्या भागात फौजी माणसाला अजून मान हाय."

"आधी कधी कुणी केला नव्हता, मामा."

"आधी त्यांना स्टिकर दिसत नव्हतं. आता उजेड हाय."

त्यांनी सतरा गाड्यांना सॅल्यूट केला. साक्षीही मागून करू लागली.

अठरावा ट्रॅक्टर होता, मागं दोन ट्रॉल्या ऊस. त्यानं डिप्पर मारला, परत मारला, आणि मग डगमगत कडेला गेला. पुढचं चाक चरीत उतरलं. संयोगितानं करकचून ब्रेक दाबला. आमच्या त्या पांढऱ्या झोतात ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेली एक बाई दिसली. मांडीवर लेकरू. तिनं स्वतःचे डोळे झाकले नव्हते. पदर लेकराच्या डोळ्यांवर धरला होता.

संयोगितानं ताबडतोब आम्हाला विझवलं.

ट्रॅक्टरवाला उतरून आला. त्याचं नाव जोतिबा, आणि मडगार्डवरची त्याची बायको बनाबाई. "आवं ताई, लोकांच्या डोळ्यांत ऊन घालत निघालाय व्हय?"

तात्याबांनी काच खाली केली. "जय हिंद."

"कसलं जय हिंद, मामा. आंधळा झालो मी."

"मग सलाम कशापायी केलास?"

"सलाम न्हवता, मामा. शिवी हुती."

तात्याबांचा वर गेलेला हात हळूहळू खाली आला. ते मनात मागच्या सतरा गाड्या मोजत असावेत.

संयोगिता खाली उतरून थेट बनाबाईकडं गेली. "लागलं नाही ना बाळाला?"

"न्हाई, दचकलं निस्तं. तुमच्याबी गाडीत पोर हाय की."

"तिच्यासाठीच तर हे दिवे लावले."

जोतिबाचा राग तेवढ्यावर निवला. "आधीचे दिवे काय वाईट हुते?"

"रस्ताच दिसायचा नाही हो त्यांत. पायापुढचं तेवढं."

"पायापुढचंच?" त्यानं डोकं खाजवलं. "मी डागतरसायबांची अशीच गाडी चार साल चालवलीया. बघू." त्यानं वाकून आत हात घातला. "हे तीनवर कुणी ठिवलंय? चार पोती साखर मागं घातल्यावर तीनवर करायचं असतंय."

घरातले सगळे एकमेकांकडं बघू लागले. पायदळात जन्म काढलेले तात्याबा म्हणाले, "मला वाटलं, ते पंख्याचं बटण हाय." साक्षीनं मात्र लगेच हात वर केला. कुणी केलं असं विचारलं की ती आधी हात वर करते, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. यावेळी ते खरं होतं, हे मला एकट्यालाच ठाऊक.

संयोगितानं डिकीतून मोजे आणले. "ब्येस केलंसा," जोतिबा म्हणाला, "काचंला बोट लावायचं नसतंय." आतला एलईडी काढून, मोज्यानंच धरून त्यानं माझा जुना बल्ब माझ्या पोटात परत बसवला. मग भावाचा. मग माझ्या तोंडाकडं बघून तो थांबला. "ह्यो थर कसला?"

तात्याबांनी खिशातला इस्त्रीचा रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्यानं भिजवला, आधी मला हात जोडले आणि स्वतःच्या हातानं तीन वर्षांचं तेल-कुंकू पुसून काढलं.

गाडीत चार माणसं आणि डिकीत दिवाळीचा फराळ, म्हणून जोतिबानं चाक एकवर आणलं. माझी मान वर उठली. मित्रांनो, काय सांगू? आधी पुढचं बाभळीचं झाड दिसलं, मग त्याच्या मागचं, मग वळण आणि वळणावरचा मैलाचा दगड. पिवळा, जुनाच उजेड, पण जिथं जायला हवा तिथं गेलेला.

"आता तुम्ही सांगा," संयोगिता जोतिबाला म्हणाली. तिच्या आवाजात धार परत आली होती. "तुमच्या ट्रॉलीला मागं दिवा आहे का?"

"हुता, ताई."

"कुठं गेला?"

"उसाखाली असंल," बनाबाई म्हणाली. "दोन सालं झाली, ह्येच सांगत्यात."

संयोगितानं त्रिकोणाचं वेष्टन फाडलं. मागच्या ट्रॉलीच्या फळीवर तो तारेनं बांधला, तीन वेढे घातले, दोनदा ओढून बघितला. ट्रॅक्टर चरीतून निघाला आणि सांगलीकडं चालू लागला. आमची वाट साताऱ्याची, पण तिनं गाडी फिरवली आणि त्याच्या मागं नेली.

"आता कुठं?" जयराजनं विचारलं.

"दिसतंय का ते मला बघायचंय."

ती लांबच थांबली. चांगलं शेत-दीड शेत अंतर होतं. माझा उजेड तिथवर पोचला आणि त्या काळ्या ढिगाऱ्यावर तीन लाल रेघा पेटल्या. संयोगिता त्या लहान होत जाईपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, सोमवारी माझा डबा लागेल."

तात्याबांनी नुसती मान हलवली.

तर मित्रांनो, नवे दिवे घ्यायचे तर खुशाल घ्या, आमची हरकत नाही. पण त्याआधी घरातल्या जुन्या दिव्याची काच एकदा ओल्या फडक्यानं पुसा. आणि गुडघ्याजवळचं ते चाक कितीवर आहे, ते वाकून बघा. आम्हाला हॉर्न नाही, आम्ही मान खाली घालून वर्षानुवर्षं वाट बघतो. आणि समोरून कुणी डिप्पर मारला, तर सॅल्यूट करण्याआधी आपला उजेड कुठं पडतोय ते पाहा. मडगार्डवर कुणाचं तरी लेकरू असतं.

यंदा खंडेनवमीला तात्याबांनी स्वस्तिक बॉनेटवर काढलं. मला फक्त झेंडूचं एक फूल वाहिलं, आणि गाडी निघण्याआधी तेही आठवणीनं काढून ठेवलं.