नाश्त्याला काय खाल्लंत?

जगभरातले लेखक, गायक-वादक आणि सिनेमावाले आपल्या कामाबद्दल बोलतात, असा एक कार्यक्रम रेडिओवर होता. तो ऐकतं कोण, हा प्रश्न केंद्राच्या साहेबांना पडेपर्यंत कोणालाच पडला नव्हता. साहेबांनी निकाल दिला: आजचा भाग रंगला तर ठीक, नाहीतर ही वेळ 'घर-जागा सल्ला' कार्यक्रमाला.

मुलाखत घेणाऱ्या बाईंची सख्खी नणंदच तिथे ध्वनिमुद्रण बघायची. त्यामुळे टोमणे ऐकायला बाईंना घरी जावं लागत नसे.

"वहिनी, आज कोण?"

"फार मोठे दिग्दर्शक आहेत."

"म्हणजे ते 'सिनेमा हा प्रकाशाशी संवाद'वाले? मागचा कादंबरीकार शांततेशी संवाद करत होता. आपल्याशी कोणी करणारे का?"

"वन्सं, तोंड आवरा. आले ते."

दिग्दर्शक सत्तरीचा, परदेशी. आपली भाषा त्याला पहिल्या बायकोने शिकवली होती. त्यामुळे तक्रारीचे शब्द विशेष शुद्ध होते. आवाजाची पातळी बघायला नणंदेने नेहमीचा प्रश्न टाकला, "नाश्त्याला काय खाल्लंत?"

"अंडं. दगड नुसता! माझ्या बहिणीने असलं मांजरालाही दिलं नसतं."

मग गाडी बहिणीवर घसरली. प्रत्येक सिनेमाची गोष्ट तो आधी तिला फोनवर सांगायचा. ती स्वयंपाक करता करता ऐकायची. ज्या प्रसंगाला "थांब रे, दूध बघून येते" म्हणायची, तो प्रसंग तो कापायचा.

"पण मला मोठं बक्षीस मिळालं आणि ती दूध बघायला जाईनाशी झाली. सगळ्यालाच छान, छान! तेव्हापासून एक सिनेमा झाला नाही माझ्या हातून."

नणंदेने ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा लावला. दिग्दर्शक ताठ बसला, आवाज खाली नेला. "सिनेमा हा प्रकाशाशी…"

बाईंना घर-जागा सल्ला डोळ्यांसमोर दिसला. "थांबा. मघाचंच रेडिओवर लावू का? आवाज बघतानाचं तेही ध्वनिमुद्रित झालंय."

"ते? ते घरचं बोलणं होतं!"

"म्हणूनच. नाहीतर कार्यक्रम आज बंद होतोय."

"बहीण ऐकेल माझी. बायकोने तिलाही ही भाषा शिकवलीय!"

"ऐकू दे की," नणंद म्हणाली. "छान-छान तरी थांबेल."

त्याने माइक जवळ ओढला. "लावा. पण नवी गोष्ट आता तुम्ही ऐकायची. आणि खरं सांगायचं."

त्याने सुरुवात केली. तिसऱ्या प्रसंगाला नणंदेने ऐसपैस जांभई दिली. बाईंनी टेबलाखालून तिला लाथ मारली.

"मारू नका तिला!" दिग्दर्शक आनंदाने ओरडला. "गेला तो प्रसंग!"

पुढे नायक रंगारी चुकीचं घर आख्खं रंगवून मोकळा होतो. तिथे दोघी हलल्याच नाहीत.

वेळ संपली. खोली रिकामी करवायला साहेब स्वतः आले. या खोलीत ते यापूर्वी एकदाच आले होते, एसी बिघडला तेव्हा. त्यांनी घसा खाकरला. नणंदेने त्यांनाच तोंडावर बोट ठेवून दाखवलं. साहेब दारात उभे राहिले. मग खुर्ची ओढून बसले. लाल दिवा चालू आहे ना, हे बाईंनी हळूच बघून घेतलं.

"घरमालक येतो की नाही?" साहेबांनी विचारलं.

"येतोय हो," दिग्दर्शक म्हणाला, "जरा दम धरा."