बारा प्लायची जोडी

अकरा महिन्यांत पुढच्या टायरची दुसरी जोडी संपली, तेव्हा मी ठरवलं की बाबांना आता ट्रॅक्टरवरून उतरवायचं.

माझं डोकं पटकन तापतं, हे आमच्या गायीसुद्धा सांगतील. पण हे मी थंड डोक्यानं ठरवलं होतं. गोठा मी चालवते. चाळीस जनावरं, त्यांचं शेण रोज सकाळी ट्रॅक्टरला पुढे जोडलेल्या लोडरच्या बकेटमध्ये भरून मागच्या खड्ड्यात नेऊन टाकायचं. ट्रॅक्टर बंद पडला की सगळंच अडतं. अडतीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेला माणूस असे टायर खायला लागला, तर वय झालं म्हणायचं, दुसरं काय. मीच बसले असते, पण तीन वर्षांपूर्वी गोठ्याचं लोखंडी फाटक पायावर पडलं, तेव्हापासून डावा पंजा धड उचलला जात नाही. त्या पायानं क्लच कसला दाबतेय.

संध्याकाळी मी बाबांना सांगून टाकलं. "एक तारखेपासून ड्रायव्हर ठेवतेय."

ते बुटाची नाडी सोडत होते. "बरं," म्हणाले.

"बरं काय बरं? भांडा तरी."

"तुझ्याशी भांडून कुणाचं भलं झालंय, साहेब?"

लहानपणापासून ते मला साहेब म्हणतात. नाडी सोडायला मात्र त्यांनी फार वेळ लावला. त्यांच्या जिवाला लागलं होतं. ते मला दिसत होतं आणि म्हणूनच मी आणखी चिडले.

दुसऱ्या दिवशी टायरवाला टेम्पोत दोन नमुने टाकून आला. बाबा पेंड आणायला गेले होते. टायरवाल्यानं ट्रॅक्टरपुढे बसकण मारली आणि झिजलेल्या टायरवरून तळवा फिरवला.

"ताई, चालवतं कोण?"

"बाबा."

"नवीन शिकलेत का?"

"तुम्ही जन्माला यायच्या आधीपासून चालवतायत."

"मग मुद्दाम करतायत," तो म्हणाला. "हे बघा, कडांचे लचके निघालेत. बकेट भरलेली असली की सगळा भार या पुढच्या दोन चाकांवर. तेव्हा थोडं पुढे सरकत सरकत वळवायचं असतं. हे गाडी जागेवर उभी करून स्टिअरिंग पिळतायत. आणि रोज एकाच ठिकाणी."

त्यानं गोठ्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथल्या सिमेंटवर रबराचे काळेकुट्ट फराटे उठले होते. मी त्यांच्यावरून रोज जाते आणि मला ते कधी दिसले नव्हते.

मग त्यानं नमुने उतरवले. "हा दहा प्लायचा. म्हणजे आत दहा पदरांची ताकद. ड्रायव्हर शहाणा असेल तर तीन वर्षं बघायला नको. आणि हा बारा प्लायचा. रुंद, खांदे भरीव, बाजू जाड. सिमेंटवर मार खायला हाच. फक्त बसणाऱ्याला हादरे जास्त, आणि ट्रॅक्टरच्या मागे जरा वजन बांधा. हवा मात्र मीटरनं मोजून भरा, लाथ मारून नाही. ड्रायव्हर बदलणार असाल तर दहा घ्या. तेच राहणार असतील तर बारा."

"उद्या सांगते," मी म्हणाले. खरं तर ड्रायव्हर बदलायचाच होता, सांगायला काही उरलं नव्हतं. पण 'मुद्दाम' हा शब्द काही डोक्यातून जाईना.

बाबांचं शेणाचं काम मी गोठ्यात येण्याआधीच उरकलेलं असतं. दुसऱ्या दिवशी मी लवकर उठले, घराला मागून वळसा घातला आणि चाऱ्याच्या गंजीआड उभी राहिले. त्यांना रंगेहाथ पकडायचं होतं.

स्वयंपाकघराच्या पायरीपासून गोठ्याच्या दारापर्यंत मातीची पायवाट आहे, साठेक पावलांची. भरलेली बकेट घेऊन कोपऱ्यावरून वळायचं तर कुठलाही ड्रायव्हर मोठा वळसा घेईल, आणि तो वळसा बरोबर त्या वाटेवरून जातो. बाबांनी सिमेंटवर ट्रॅक्टर थांबवला. बकेट खाली घेतली. जागच्या जागी स्टिअरिंग पिळलं, तसे टायर कळवळून ओरडले. मग भिंतीपासून वीतभर अंतर राखून ते हळूच निघून गेले. वाटेला चाक लागलं नाही.

तिसऱ्या फेरीनंतर ते खाली उतरले. एका गायीचा खूर रुतून वाटेत खड्डा पडला होता. त्यांनी फावड्यानं तिथं माती टाकली, टाचेनं चोपली आणि वाकून वरून तळवा फिरवला.

त्या वाटेवरून गेलं वर्षभर मी काठीशिवाय चालते. डॉक्टरांना मी ऐटीत सांगितलं होतं, पाय सुधारला म्हणून. काठी दारामागे टाकली ती टाकलीच.

मी गंजीआडून निघाले आणि सरळ अंगणातून चालायला लागले. तिथं ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून कडक झाल्या होत्या. तिसऱ्याच पावलाला पंजा अडकला आणि मी दोन्ही हातांवर आपटले.

बाबा धावत आले. "इकडून कशाला आलीस? वाट आहे ना तिकडे."

"बाबा, माझा पाय सुधारलेला नाही."

ते बाहीनं माझे तळवे पुसत होते. "थोडा सुधारलाय."

"परवा बोलला का नाहीत? मी तुम्हाला उतरवत होते."

"नव्या ड्रायव्हरला सांगणार होतो, वळायचं कसं ते." त्यांनी माझ्या तळव्यातला खडा काढला. "तुला सांगितलं असतं तर तू परत काठी घेतली असतीस. काठी टाकल्यापासून तू सकाळी गाणं म्हणत येतेस. बेसूर म्हणतेस, पण म्हणतेस."

मला रडू आलं. एवढं प्रेम आपल्या पायाखाली पसरलेलं होतं आणि मी त्याचा हिशेब टायरमध्ये करत होते, याची लाज वाटली. ते म्हणाले, "रड, पण उठून रड. जनावरं खोळंबलीत."

आठ वाजता मी टायरवाल्याला फोन लावला. "बारा प्लायचीच द्या."

"म्हणजे ड्रायव्हर तेच?"

"तेच. आणि मागचं वजनही घेऊन या."

त्याच दुपारी त्यानं जोडी बसवली. दुसऱ्या दिवशी मी दारामागची काठी झटकून घेतली आणि बाबांचं काम चालू असतानाच वाटेनं निघाले, मोठ्यानं गाणं म्हणत. ते भरलेली बकेट घेऊन कोपऱ्यावर आले होते. मी काठी उंच धरून त्यांना दाखवली आणि हातानं खूण केली की घ्या मोठा वळसा, जाऊ द्या वाटेवरून.

त्यांनी काठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ट्रॅक्टर सिमेंटवर थांबवून जागच्या जागी स्टिअरिंग पिळलं.