रखवालदाराची भूमिका

“रखवालदाराचं काम माझ्याशिवाय कोण करणार?” ओदांग दारातूनच म्हणाला.

इमासच्या हातातली तांदळाच्या पिठाची वाटी तशीच राहिली. समोर एती सिनेमातलं भूत होऊन बसली होती. अंगावर मच्छरदाणी, अर्धा चेहरा पांढरा. इमासचा भाचा दादांग लग्नांचं शूटिंग करायचा; त्याने कॅमेरा खाली ठेवला.

बांडुंग शहराबाहेरच्या एका शिलाई कारखान्याला आग लागली, तेव्हा दाराला बाहेरून कुलूप होतं. इमासची मुलगी यानी आत होती. तिची मैत्रीण एती तापाने घरी होती, म्हणून वाचली. किल्ली हरवली होती, असं रखवालदार ओदांगने पोलिसांना सांगितलं. खटला उभाच राहिला नाही, मालकाने कारखाना दुसऱ्या गावी हलवला. तेव्हा ब्लाउज शिवणाऱ्या इमासने ठरवलं, सिनेमा काढायचा. जळालेली पोर भूत होऊन येते आणि एकेकाचा सूड घेते.

“यात तुम्ही पळून जाता, पाक,” इमास म्हणाली. “मग भूत तुमचा गळा आवळतं. चालेल?”

“गळा आवळा. पण मी पळालो नव्हतो, बू.” तिकडे मोठ्या माणसाला मानाने ‘पाक’ आणि बाईला ‘बू’ म्हणतात.

“मग?”

“उभा होतो. किल्ली खिशात होती. मालकाला विचारल्याशिवाय उघडायचं नाही, असा हुकूम होता. आणि मालक फोन उचलेना.”

दादांगने शिवी हासडली. “मावशी, आधी ह्याला हाकल!”

इमासने पिठाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, “कॅमेरा उचल. पाक, उभे राहा. तसेच.”

तो उभा राहिला. दारामागून गल्लीतल्या पोरी धक्के मारत, ओरडत होत्या. शूटिंग थांबलं तरी त्याचा हात खिशावरून निघेना.

“आता गळा आवळू ना?” एतीने विचारलं.

“नको. त्याच्याकडे बघ आणि पुढे जा.”

टीव्हीवाल्यांनी तो सिनेमा हसून परत पाठवला. पण या फोनवरून त्या फोनवर फिरत तो कॉलेजांत पोचला आणि पोरांनी डोक्यावर घेतला. मालक मेला की चपला भिरकावायच्या. पीठ नाकात जाऊन भूत शिंकलं की सगळ्या सभागृहाने शिंकायचं. रखवालदार आला की मात्र कोणी हसत नसे. इमास प्रत्येक खेळाला जायची, ओदांगला बरोबर घेऊन. तो पडद्याकडे बघायचा नाही.

एका दुपारी खेळ संपल्यावर एका मुलीने विचारलं, “बू, भुताने सगळ्यांना मारलं, मग त्या नालायक रखवालदाराला का सोडलं?”

“सांगायला कोणीतरी जिवंत हवा ना!” इमासने माइक शेजारी बसलेल्या ओदांगच्या हातात दिला. “पोलिसांना नाही सांगितलंत. इथे सांगा.”

पोरांनी फोन वर धरले. ते पाहून ओदांग तिच्याकडे वळला.

“मोठ्याने,” ती म्हणाली.

ओदांगने मालकाचं नाव घेतलं, त्याच्या बापाच्या नावासकट. हुकूम सांगितला, किल्लीचं सांगितलं. मग आत राहिलेल्या मुलींची नावं घेऊ लागला. यानीचं नाव मधेच कुठेतरी येऊन गेलं. इमास ताठ बसून पुढची नावं ऐकत राहिली.