घरमालकिणीचं प्रतिज्ञापत्र

किमयाला आयर्लंडला जायचं होतं, आणि तिला जाता येईल की नाही हे रंभाबाईंच्या एका सहीवर येऊन ठेपलं होतं. सासूच्या सहीनं सून दुसऱ्या पुरुषाकडे परदेशी जाते, असं उरवड्यात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. रंभाबाईंनी तरी कुठं ऐकलं होतं? पण वेळ आली होती खरी, आणि ती टाळायची कशी हे काही त्यांना सुचत नव्हतं.

रंभाबाईंचा एकुलता एक मुलगा विश्राम सहा वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर ट्रकवर जातो म्हणून गेला, तो परत आलाच नाही. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. पौडच्या पोलीस ठाण्यात हरवल्याची तक्रार झाली, भावकीतली माणसं चार दिवस हिंडली आणि मग आपापल्या कामाला लागली. किमयाचे वडील कोळवणहून तिला न्यायला आले, तेव्हा रंभाबाईंनी त्यांच्यापुढं हात जोडले. पोरगा परत आला आणि घरात बायको दिसली नाही, तर तो उंबऱ्यावरूनच माघारी फिरेल, असं त्यांचं म्हणणं. किमया राहिली. पिरंगुटला एका कंपनीत पॅकिंगला लागली. सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी येताना रंभाबाईंच्या गुडघ्याचं औषध आणायची. विश्राम घरात असताना सासू-सुनेचं कधी फारसं पटलं नव्हतं. तो गेल्यावर मात्र दोघींचं चांगलंच मेतकूट जमलं.

चार वर्षांपूर्वी रंभाबाईंनी मागची खोली शैलेशला भाड्यानं दिली. हा अकोल्याकडचा इंजिनिअर, गावातल्याच एका कारखान्यात माल तपासायच्या कामावर. माणूस मितभाषी. तीन वेळा भात खाणारी माणसं आपण पहिल्यांदाच बघतोय, एवढंच काय ते पहिल्या महिन्यात बोलला असेल. पण विहिरीवरची मोटर बंद पडली की न सांगता जाऊन बघायचा, आणि किमयाला कामावरून यायला उशीर झाला की उगाच फाटकाशी उभा राहायचा. रंभाबाईंच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं. सुटणार कसं? आयुष्यभर माणसंच तर वाचली होती त्यांनी.

आणि त्याच सुमारास, तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात, भर दुपारी तो फोन आला. किमया कामावर होती. नंबर अनोळखी होता, आवाज मात्र ओळखीचा. विश्राम वापीकडे होता. तिकडं त्यानं दुसरं घर केलं होतं, एक मुलगी झाली होती. आपण आता येणार नाही, शोधू नका, असं तो म्हणाला. आणि शेवटी म्हणाला, ‘किमीला सांग. तिचं तिला बघू दे.’

पोरगा जिवंत आहे म्हणून रंभाबाई आधी पोटभर रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी विचार केला, तो असा. पोरगा तर गेलाच. आता हे कळलं की सून मोकळी होईल. ती या मागच्या खोलीतल्या माणसाचा हात धरून जाईल आणि आपण या घरात भिंतींशी बोलत बसू. त्यांनी तोंडाला कुलूप घातलं. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी एक वेळ चाललं असतं, पण दोन दिवसांवर राखीपौर्णिमा होती. गावात कुजबुज सुरू झालीय, असं सांगून त्यांनी किमयाला शैलेशला राखी बांधायला लावली. भावकीतल्या चार बायका मुद्दाम बोलावल्या, नारळीभात केला. शैलेश पाटावर मान खाली घालून बसला. किमयानं ताटातली राखी उचलली, बांधली आणि नजर वर न करता आत निघून गेली. पुतणीनं, पिंकीनं, फोटो काढून तो फेसबुकवर टाकला, वर ‘रक्तापलीकडचं बहीण-भावाचं नातं’ असंही लिहिलं. साऱ्या गावानं त्याला लाइकचे अंगठे दिले.

राखीनं काही थांबलं नाही. दिवाळीपर्यंत किमया आणि शैलेश एकमेकांचे झाले, आणि मागच्या खोलीचं मधलं दार रात्री आतून लागेनासं झालं. रंभाबाईंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. गावाची समजूत राखीनं घातलेलीच होती. घरात तिघं एका ताटलीत शेंगदाणे खात टीव्ही बघायची. दोन वर्षं आणि वर चार महिने असे गेले. किमया खूश, तो खूश, आणि खोटं कशाला बोलायचं, रंभाबाईही खूश. विश्राम असताना त्या घरात एवढं हसू कधी नव्हतं.

या काळात किमयानं दोनदा फारकतीचा विषय काढला होता. नवऱ्याचा पत्ता नसला तरी पेपरात नोटीस देऊन दावा चालवता येतो, असं पौडच्या वकीलबाईंनी, मेधाताईंनी, तिला सांगितलं होतं. रंभाबाईंनी दोन्ही वेळा मोडता घातला. पोराचं नाव पेपरात छापलंस तर मला गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, अजून वर्षभर थांब, म्हणाल्या. किमया दोन्ही वेळा थांबली. सासूनं एवढं पोटात घातलंय, तर आपणही तिचं एवढं ऐकावं, असं तिला वाटलं असणार.

मग सहा महिन्यांपूर्वी शैलेशला आयर्लंडला नोकरी लागली आणि तो पुढं निघून गेला. तिथं लग्न न झालेल्या जोडीदारालाही मागून बोलावता येतं, असं त्यानं कळवलं. पण त्यासाठी दोन वर्षं एका छपराखाली नवरा-बायकोसारखं राहिल्याचे पुरावे लागतात आणि आधीचं लग्न असेल तर ते मोडल्याचेही. किमयानं कागदांची पिशवी जमिनीवर ओतली. भाडेकरारावर एकट्या शैलेशचं नाव. पोलिसांकडं दिलेल्या भाडेकरूच्या फॉर्मवर ‘एकटा’. लाईटबिल रंभाबाईंच्या नावाचं. पत्ता दोघांचा एकच होता, पण तो भाडेकरूचा पत्ता आणि घरातल्या सुनेचा पत्ता. दोघांचा मिळून एकही फोटो नव्हता. गावाच्या भीतीनं त्यांनी काढलाच नव्हता. होता तो एकच, पाटावरचा.

मेधाताईंनी सगळं पाहून मार्ग सांगितला. घरमालकिणीनं शपथेवर लिहून द्यायचं: ही दोघं माझ्या घरात जोडीनं राहत होती, मी रोज डोळ्यांनी पाहिलं. घरमालकीण आणि सासू एकच असल्यानं तिच्या शब्दाला वजन. राखीचा फोटो लपवायचा नाही, तो कसा घडला हेही लिहायचं. आणि मुलगा निघून गेलाय, हे आईनंच सांगायचं. किमयानं घरी येऊन हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘आत्या, तुमाला जड जाईल. न्हाई म्हनलात तरी मी काय बोलनार न्हाई.’

रंभाबाई म्हणाल्या, ‘दिऊ की लिहून.’ आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

ठरल्या दिवशी दोघी पौडला गेल्या. तहसील कचेरीसमोरच्या गल्लीत मेधाताईंची खोली. टेबलावर कागद तयार होता. मेधाताईंनी तो सावकाश वाचून दाखवला. किमया शेजारच्या खुर्चीवर, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मागची खोली, मधलं दार, एकत्र स्वयंपाक, सगळं बरोबर होतं. राखीचं कलम आलं: गावातील बदनामी टाळण्यासाठी मीच तसे करण्यास सांगितले. रंभाबाईंनी मान हलवली. मग पुढचं आलं: माझा मुलगा विश्राम हा सहा वर्षांपासून बेपत्ता असून त्याचा ठावठिकाणा मला माहीत नाही व त्याने माझ्याशी कोणताही संपर्क केलेला नाही.

रंभाबाईंनी पेन हातात घेतलं. सही करायला त्या साक्षरतेच्या वर्गात शिकल्या होत्या, नाव ठसठशीत काढायच्या. पेन ‘र’पाशी थांबलं. तीन वर्षं त्या काही खोटं बोलल्या नव्हत्या. कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून सांगितलं नव्हतं, असं त्या स्वतःला समजावत आल्या होत्या. आता कागद सरळ विचारत होता. त्यांनी मेधाताईंना विचारलं, यातलं एखादं वाक्य पुढं खोटं निघालं तर काय होतं?

मेधाताई म्हणाल्या की व्हिसा नाकारतात, आणि खोटे कागद दिले म्हणून माणसाला वर्षानुवर्षं दारही उघडत नाहीत. ‘पण यात खोटं काय आहे?’

आता गंमत पाहा. सही केली असती तर पोर त्या दिवशी तरी हसत घरी आली असती. आणि उद्या विश्राम एखाद्या कागदावर, एखाद्या फोनवर उगवला असता, तर किमयाची तिथली वाट कायमची बंद झाली असती. कुणी सांगावं, परत येऊन मागच्या खोलीत राहिलीही असती. हा विचार रंभाबाईंच्या मनात आला. तो आला याची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी पेन टेबलावर ठेवून दिलं.

‘ह्ये शेवटचं काढा, बाई,’ त्या म्हणाल्या. ‘त्याचा फोन आलता मला. तीन वर्सं झाली. वापीला हाय त्यो. बाई हाय, पोरगी हाय. येनार न्हाई म्हनला.’

बाहेर कुणीतरी मुद्रांकाचे पेपर मोजत होतं, त्याचा आवाज येत राहिला. किमयाच्या बोटाला गुंडाळलेली ओढणी सुटली. तिनं सासूकडं पाहिलं नाही. टेबलावरच्या कागदाकडं बघत तिनं एवढंच विचारलं, ‘मला सांगू नको म्हनला का त्यो?’

इथं ‘व्हय’ म्हणायला किती सोपं होतं. रंभाबाईंच्या ओठांवर आलंही ते.

‘न्हाई,’ त्या म्हणाल्या. ‘सांग म्हनला. मीच न्हाई सांगितलं.’

मेधाताईंनी चष्मा काढून ठेवला. त्या रागावल्या नाहीत. ते वकिलाचं काम नव्हे. हे असं लिहिलं तर उलट कागद भक्कम होईल, नवऱ्यानं स्वतःच संसार मोडलाय हे त्याच्या आईच्या तोंडून येईल, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी नव्यानं लिहायला घेतलं आणि विचारलं, फोन नेमका कधीचा?

‘राखीपुनवंच्या आदी दोन दिस.’

मेधाताईंचा हात थांबला. राखीचं कलम त्यांच्यासमोरच होतं. ते तसंच ठेवायचं का, असं त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. रंभाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. ‘त्ये बी बदला,’ त्या म्हणाल्या. ‘बदनामीसाटी न्हवतं त्ये. ही जाऊ नये म्हनून बांदायला लावली मी.’

कागद पुन्हा छापून आला. रंभाबाईंनी सही केली, नोटरीचा शिक्का पडला, किमयानं दोन प्रती मागून घेतल्या आणि पिशवीत नीट सपाट ठेवल्या. मेधाताईंना तिनं हात जोडले. सगळं रीतसर. रंभाबाई तिच्या तोंडाकडं बघत होत्या. ही ओरडेल, चार माणसांत शिव्या घालेल, असं त्यांना वाटत होतं. खरं तर तिनं तसं करावं असंच वाटत होतं. किमयानं पिशवी काखेत धरली आणि ती थांब्याकडं निघाली.

पौडच्या थांब्यावर ऊन कलतं झालं होतं. घराकडं जाणारी पिरंगुटची बस अजून लागायची होती. दोघी बाकावर बसल्या. रंभाबाईच म्हणाल्या, की आता तुझा व्हिसा होईल, तू सुटलीस.

किमया रस्त्याकडं बघत म्हणाली, ‘आयर्लंड कुनाला पायजे हुतं, आत्या?’

रंभाबाईंना आधी कळलंच नाही.

‘त्यानं ती नोकरी का धरली, म्हाईत हाय का तुमाला? हितं लगीन करता येत न्हवतं म्हनून. तितं कुनी इचारत न्हाई, म्हनून. न्हाईतर मागच्या खोलीवर एक मजला चढवून हितंच ऱ्हायचं ठरलं हुतं आमचं. तुमाला सोडून जायचं न्हाई, असं मीच त्याला सांगितलं हुतं. फारकत मिळाली असती तर हितंच ऱ्हायलो असतो तिघं.’ हे सगळं ती न चिडता बोलत होती, बाजाराची यादी सांगावी तसं.

जिला जवळ ठेवण्यासाठी तीन वर्षं जीव मुठीत धरून गप्प बसलो, तिला आपणच आपल्या हातानं समुद्रापार लावलं, हे रंभाबाईंना आता दिसलं. तरी त्यांनी धीर केला. ‘मंग बोलव की त्याला माघारी,’ त्या म्हणाल्या. ‘मी पेपरात देते नाव. उद्याच देते. गाव गेलं उडत.’

किमयानं पहिल्यांदा त्यांच्याकडं वळून पाहिलं. डोळे कोरडे होते.

‘त्यो आला असता,’ ती म्हणाली. ‘आज सकाळी इचारलं असतं तर मी बी हितंच ऱ्हायली असती. आता मला ऱ्हायचं न्हाई, आत्या.’

बस आली. किमयानं सासूच्या दंडाला धरून त्यांना आधी वर चढवलं, गुडघा दुखू नये म्हणून पायरीवर थांबली, खिडकीशी बसवलं. दोघींची तिकिटं तिनंच काढली. शेजारची जागा रिकामी होती, बसही निम्मी मोकळीच होती. किमया पुढं जाऊन दारापाशी दांडी धरून उभी राहिली, ती पिरंगुट येईपर्यंत.