गिळायची राहिलेली खोळ

मी कॅप्सूलची रिकामी खोळ बोलतेय. आत औषधच नाही, तर हिचं कोण ऐकणार, अशी शंका मलाही आहेच. तरी बोलते.

कॅन्सरच्या पेशीतला जनुकाचा एक बिघाड हेरून नेमका तिथेच वार करणारं नवं औषध माझ्यात भरलं होतं. माणसांवर त्याची चाचणी चालू होती. माझं काम एवढंच, की पोटातल्या आम्लात विरघळायचं नाही. औषध सुखरूप आतड्यात पोचवायचं.

नागपूरच्या दवाखान्यातून मी मेडशी गावी रुचाच्या घरी आले. तिच्या फुप्फुसातल्या गाठीत तोच बिघाड निघाला होता. मुलगी जिनल जेमतेम चालायला लागलेली. ती मोठी होईस्तोवर जगायचं, एवढंच रुचाचं मागणं.

सासू अंगुरीबाईंनी मला चिमटीत धरलं. "हे कायचं बनलं हाये?"

"सरसाचं असन, मम्मीजी. जनावराच्या हाडाचं."

"जैनाच्या घरात हाडं? औषध तं आतच हाये ना? मंग खोळ कायले पायजे?"

"डॉक्टरले विचारू?"

"विचारशीन अन् चाचणीतून काढून टाकतीन तुले!"

रुचानं उचललेला फोन खाली ठेवला. अंगुरीबाईंनी मला उघडून भुकटी उकळून गार केलेल्या पाण्यात कालवली. मग रोज नव्या कॅप्सूलचं तेच.

"लय कडू हाये का, बेटा?"

"तुमच्या काढ्यापेक्षा बरं हाये." दोघी हसल्या.

जिनलनं मला उचललं आणि माझी बाहुलीला टोपी केली. तिथूनच मी पुढचं ऐकलं.

तपासणीनंतर डॉक्टरांचा फोन आला; स्पीकर चालू होता. "गाठ वाढली आहे. कॅप्सूल रोज घेतली ना?"

"रोज!" अंगुरीबाई अभिमानानं म्हणाल्या. "म्या सोताच्या हातानं खोलून देल्ली."

मग डॉक्टरांनी माझं काम समजावून सांगितलं. औषध पोटातच वाया गेलं होतं.

रुचाचा नवरा अर्पित कळवळून म्हणाला, "आता खोळीसकट देतो ना, साहेब!"

"गाठ वाढली की चाचणीतून बाहेर, असा नियम आहे. दुसरे उपचार करू. पण असं नेमकं औषध सध्या दुसरं नाही."

माझ्यावरून कुणाचं मन अडलं तर खुशाल अडू द्या. फक्त उघडण्याआधी विचारा. डॉक्टर रागावतील, हसतील, तरी विचारा.

दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची होती. अंगुरीबाईंनी जिनलपुढचा घास मागे घेतला. "या हातानं नाही चारत आता मी."

रुचानं तो हात धरून लेकीच्या तोंडाजवळ नेला.

"चारा, मम्मीजी. तिले तुमच्या हाताची सवय लागू द्या."