मंगळावरचं टेंगूळ

अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफ गावात एका मोटेलच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर प्रार्थनेने गाठी बसवणारा ब्रदर ऑर्विल, आणि त्याच्या हातात गाडीच्या चाकाएवढ्या गोल चौकटीत मंगळाचा फोटो. फोटोभर टेंगळंच टेंगळं. ब्रदरने डोळे मिटून चौकट गरागरा फिरवली, "बसव रे बाबा, बसव!" असं ओरडून थांबवली. टेंगळं गायब! त्या जागी खळगे.

"मंगळावरचे डोंगर बसतात, तिथे तुमची गाठ काय चीज आहे?" ब्रदर गरजला. लोक ढसाढसा रडू लागले. मला मात्र हसू आवरेना. फोटो आमच्याच ऑफिसातला होता. यानाने धाडलेले फोटो जोडून आम्ही मंगळाचे नकाशे करतो.

शेजारी बसलेली माझी बहीण व्हर्ना हसत नव्हती. तिच्या स्तनात गाठ होती, आणि ठरलेलं ऑपरेशन तिने सकाळीच रद्द केलं होतं.

"अगं, ते पहिल्यापासून खळगेच आहेत!" मी म्हणाले.

"गेल, गप्प बस. तुला नकाशातलं कळतं, चमत्कारातलं नाही."

माझं डोकं सणकलं. मी उभीच राहिले. "ब्रदर, चौकट तश्शीच धरा. मंत्रही नको. मंडळी, पाठ फिरवा, वाका आणि पायांमधून फोटो बघा!"

"ही सैतानाची बाई आहे!" ब्रदर किंचाळला.

"असेन. पण वाकायला काय जातंय?"

मागच्या रांगेतला एक म्हातारा वाकला. "आयला, टेंगळं परत आली!"

मग काय, अख्खा हॉल वाकला. ब्रदरसमोर ओळीने नुसती ढुंगणं.

"ही पापी नजर आहे!"

"पाप नजरेचं की माझ्या कमरेचं, ते सांगा आधी," म्हातारा वाकूनच बोलला.

मी समजावलं, "आपल्याला उजेड वरून यायची सवय. वरची कड उजळ आणि खालची काळी दिसली, की मेंदू म्हणतो उंचवटा. उलट दिसलं, की खळगा. ब्रदर फोटो उलटा करतो, बस. त्याने मंगळावरचा खडासुद्धा हलत नाही."

व्हर्नाही वाकली होती. लालबुंद चेहऱ्याने ती सरळ झाली आणि तिने छातीवर हात दाबून पाहिला.

"आहे गं," ती हळूच म्हणाली. "तेवढीच आहे."

मला रडू फुटलं.

"आता रडतेस काय? डॉक्टरांना फोन लाव. तारीख परत मागायची आहे."

वाचकहो, डोळा फसतो. माझा तर रोज फसतो, त्यात लाज कसली? म्हणून नकाशा करताना आम्ही आधी विचारतो, उजेड कुठून आला? तुम्हीही विचारत जा. आणि गाठ असेल तर ती डॉक्टरला दाखवा, मंगळाला नको.