तेवीस रकान्यांचा प्रिंटर

आमच्या घरात प्रिंटर टिकत नाही. कुंडीतली झाडं टिकली, मांजर टिकलं, शिवणयंत्र तर माझ्याहून वयाने मोठं. प्रिंटर मात्र पहिले सहा महिने पाहुणा, पुढचे सहा महिने आजारी, आणि मग माळ्यावर. चार वर्षांत तीन गेले. तिसरा गेला तेव्हा त्याच्या शाईच्या टाक्या काठोकाठ भरलेल्या होत्या. आठ दिवस कुणी हात लावला नाही म्हणून आतल्या नळ्यांमध्ये शाई वाळली, एवढंच निमित्त. दुरुस्तीवाला म्हणाला, याला रोज थोडं काम द्यायला हवं होतं. म्हणजे यंत्राची मर्जी राखायला आम्ही रोज उठून कागद काळे करायचे.

पण या वेळी प्रिंटर लागणारच होता, आणि का लागणार होता ते फक्त आईला आणि मला माहीत होतं.

आई शिवण शिकवते. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी सात बायका आमच्या पुढच्या खोलीत येतात. प्रत्येकीला आई कपड्याचा कागदी साचा काढून देते. खाकी कागदावरचे तिचे मूळ साचे तीस वर्षांचे आहेत. घड्यांवर विरलेले, कडांना चिकटपट्टी लावलेले, पण त्यांच्यावरची रेघ अशी की पाण्यावरून बगळा उडत जावा. गेल्या तीन महिन्यांपासून तशी रेघ तिला काढता येत नाही. उजवा हात थरथरतो. सरळ लांब रेघ पट्टी धरून निभावते. कॉलरची, कफाची, खिशाची वळणं मात्र हातातून सांडतात. ती वळणं यंत्राने काढून दिली तर वर्ग चालू राहील, नाहीतर नाही. हे दादाला सांगायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली होती. त्याला कळलं तर काळजीपोटी तो दुसऱ्या दिवशी वर्ग बंद करायला लावील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पूर्वी एकदा ती शिडीवरून घसरली तर त्याने शिडीच स्वतःच्या घरी नेऊन ठेवली होती.

आणि प्रिंटर निवडायचं काम दादाकडे. माझा हा थोरला भाऊ साधा चमचा घेतानाही तीन दुकानं हिंडतो. लहानपणी आम्ही त्याला तागडी म्हणायचो. त्याने तक्ता केला. स्कॅन, कॉपी, प्रिंट एकाच डब्यात हवं, इथून सुरुवात झाली आणि तक्त्याचे तेवीस रकाने झाले: मिनिटाला किती पानं, शाई टाकीतली की भुकटीची, दोन्ही बाजूंनी छापतो का, मोबाइलचं ऐकतो का, आवाज किती, वजन किती. रोज जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन. अमक्याला लोकांनी साडेचार तारे दिलेत, पण एका माणसाने लिहिलंय की दोन वर्षांनी कागद अडकतो. मी म्हणायचे, दोन वर्षांनी अडकू दे रे, आधी येऊ तरी दे. तो म्हणायचा, घाई करू नकोस. वाचून वाचून त्याला इतकं ज्ञान झालं होतं की एकही प्रिंटर त्याच्या नजरेत उरला नव्हता. तीन आठवडे असे गेले. तेवढ्यात आईच्या वर्गात शर्टाचा धडा येऊन ठेपला. आता मीच जाऊन मिळेल तो उचलून आणते, असं मी सांगितलं, तेव्हा कुठे रविवारी दादा भलंमोठं खोकं घेऊन दारात उभा राहिला.

भुकटीवाला होता, म्हणजे वाळायची भीती नाही. दादाने तो टेबलावर बसवला, वायफायला जोडला, आणि आईचे लहान साचे एकेक करून काचेवर ठेवून कॉम्प्युटरमध्ये घेतले. पहिली कॉलर छापून बाहेर आली तेव्हा आईने तो गरम कागद दोन्ही हातांत धरला. रेघ तीच, तीस वर्षांपूर्वीची. तिने कागद गालाला लावला. दादा हसला, त्याला वाटलं, गंमत करते आहे.

पाठ आणि पुढचे भाग एवढ्या कागदावर मावत नाहीत, म्हणून ते आईने हातानेच काढले. कॉलर यंत्राची, गळा आईचा. त्या शुक्रवारी बायका कॉलर जोडायला बसल्या आणि सातही जणींची कॉलर गळ्याला अपुरी पडली. करंगळीच्या जाडीएवढी.

त्या सातांतल्या सगळ्यात तोंडाळ नर्सबाईने स्वतःची मान चाचपून पाहिली. "बाई, माझी मान जाड झाली का हो?"

सगळ्या हसल्या. आई हसली नाही. गळा मीच मोठा काढला, असं म्हणून तिने सगळ्यांना टाके उसवायला लावले. मंगळवारी तिने पट्टी, खडू, टेप घेऊन गळा बारीक केला. कॉलर बसली, पण वरचं बटण लावलं की श्वास कोंडायचा. पुन्हा उसवलं. त्या दोन आठवड्यांत आमच्या घरात शिवण्यापेक्षा उसवणंच जास्त झालं. यंत्राकडे बोट दाखवायचं कुणालाच सुचलं नाही. ते नवं कोरं, साडेचार ताऱ्यांचं. आणि आईचा हात थरथरता. मीही मनात तेच धरून बसले होते, हे मला आजही टोचतं.

एका सकाळी आईने कागद पुढे केला. 'पुढील आठवड्यापासून वर्ग बंद. तुमचे कापड वाया गेले, क्षमा असावी.' कॉम्प्युटरवर नीट टाइप करून देते, म्हटलं, तर नको म्हणाली.

"हाताची चूक आहे, हातानेच लिहिते. तू फक्त सात प्रती काढ."

अक्षरं वाऱ्यातल्या गवतासारखी वाकलेली होती.  प्रिंटरवर राग काढावा तसं झाकण आपटलं, दादाने शिकवलं होतं तसं कागद आधी स्कॅन केला आणि सात प्रती काढल्या. मूळ कागद आणि प्रती एकत्र करून टेबलावर ठोकल्या. सहज वरचे दोन कागद खिडकीच्या उजेडात धरले गेले. दोन्हींवरचा 'पुढील' नेमका एकावर एक होता. पण ओळीच्या शेवटाशी आईचं 'बंद' प्रतीच्या 'बंद'च्या पुढे गेलं होतं.

मी कपाटातून कॉलरचा मूळ साचा काढला. टेप लावली. मधल्या घडीपासून टोकापर्यंत एकोणीस सेंटिमीटर. छापलेली कॉलर साडेअठरालाही पोचत नव्हती.

आईला बोलावलं. तिने तीनदा मोजलं. चष्मा पुसला, चौथ्यांदा मोजलं. सातही बायकांकडून जी दर वर्गात घोकून घेते, 'आधी टेप, मग कात्री, नाहीतर ठिगळाची खात्री', ती ही बाई. आणि छापून आलेल्या कागदाला ना तिने टेप लावली होती, ना मी. दादाच्या तेवीस रकान्यांत तर 'जेवढ्यास तेवढं छापतो का' हा रकानाच नव्हता. शिवणाऱ्या घराने यंत्राचं वजनसुद्धा पाहिलं होतं, माप पाहिलं नव्हतं.

दादाला फोन लावला. तो म्हणाला, अगं, कडेला जागा सुटावी म्हणून 'पानात बसवा'वर खूण असते, ती काढून टाक. "तीन टक्क्यांचा फरक, आई. कुणाला कळतंय?"

"गळ्याला कळतं," आई म्हणाली.

मग तिने फोन दुसऱ्या हातात घेतला, आणि जे मला बोलू दिलं नव्हतं ते स्वतःच बोलली. "माझा हात थरथरतो. चार महिने झाले. पण गळा मी बरोबर काढला होता. हे दोन आठवडे मी माझ्या हाताला नाही नाही ते बोलले रे."

 मग दादाने डॉक्टरचं विचारलं, आई रविवारी जाऊ म्हणाली. वर्गाबद्दल त्याने तोंड उघडायच्या आत तिने मंगळवारी वर्ग आहे असं सांगून टाकलं. त्याला काहीतरी करायचंच होतं, म्हणून तो म्हणाला, हा प्रिंटर परत करू, मी नव्याने तक्ता करतो.

"खबरदार. याची खोड आता मला कळली. नव्याची खोड कळेपर्यंत मला आणखी किती गळे कापायला लावशील?"

फोन ठेवून ती टेबलाशी बसली. कॉलरच्या साच्यावर, एका कोपऱ्यात, पट्टी धरून तिने रेघ काढली. रेघ मध्येच दोन ठिकाणी पट्टी सोडून थरथरली, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत नेमकी दहा सेंटिमीटर भरली. शेजारी लिहिलं: आधी मला मोजा. कफावर तशीच एक, खिशावर तशीच एक. मी साचे पुन्हा स्कॅन केले, 'पानात बसवा'वरची खूण काढून टाकली आणि आधी कॉलर छापायला घेतली. कोरा कागद कशाला, म्हणून तिने वर्ग बंदच्या सात प्रती पुढे सरकवल्या. त्यांची मागची बाजू कोरीच होती.

मंगळवारी सातही जणींनी आधी ती रेघ मोजली. दहा भरली. कात्र्या उचलल्या गेल्या, आणि नर्सबाईने कागद पलटून पाहिला.

"बाई, इथे तर वर्ग बंद लिहिलंय."

"ती उलटी बाजू," आई म्हणाली. "तू सुलट बाजूने काप."